माथा नसलेले डोंगर

सह्याद्रीत भटकणाऱ्याला रत्नागिरीचे डोंगर डोंगर वाटतच नाहीत. त्याला १,६४६ मीटरची कळसूबाई हवी असते, निदान राजगडाचा बालेकिल्ला तरी. रत्नागिरीला आला की तो आंब्याची पेटी ठरवतो, थिबा राजवाडा बघतो, गणपतीपुळ्याला जाऊन येतो आणि उरलेला वेळ समुद्राकडे तोंड करून बसतो. पाठीमागे शंभर-दीडशे मीटर उंचीच्या टेकड्यांची रांग असते, पण तिच्याकडे मान वळवायचं त्याला कारणच पडत नाही. शिखर नाही, सुळका नाही, किल्ला असलाच तर तो खाडीच्या तोंडाशी. खालून बघावं तर सगळ्यांचे माथे एका पातळीत, सपाट. मग चढायचं कशासाठी?

ह्या सपाट माथ्यांना इथे सडा म्हणतात. मी पुण्याहून रत्नागिरीला येतो तो बहुतेक वेळा ह्या सड्यांवर चालायला. सकाळी निघावं, संध्याकाळी घरी येऊन मऊभात खावा, एवढ्या आवाक्यातल्या ह्या वाटा. तंबू नको, दोर नको. ओळखीचे ट्रेकर विचारतात, ‘किती उंची?’ आकडा सांगितला की विषय संपतो.

कोकणात डोंगर उलटा मांडलेला आहे. माणसं, पाणी, माड-पोफळी, देऊळ, शाळा सगळं खाली, खाडीच्या नाहीतर पऱ्याच्या कडेला, आणि वर मोकळं रान. गावातून निघालं की जांभ्या दगडाची पाखाडी लागते. दोन्ही बाजूंना गडगे, गडग्यांवर शेवाळ, आत कुणाच्या तरी आगरात शिंपण चाललेलं. मग आंब्याची कलमं, मग काजू, मग करवंदीच्या जाळ्या. वीस-पंचवीस मिनिटं दम लागतो आणि एकदम चढ संपतो. देशावरच्या माणसाला डोंगर चढून गेल्यावर पुढे पुन्हा माळच भेटला की फसल्यासारखं होतं. लांबवर गवत, मधे मधे काळा उघडा कातळ, पश्चिमेला समुद्राची पट्टी, पूर्वेला सह्याद्रीची निळी भिंत. सावलीला झाड शोधावं लागतं. वाटा म्हणाल तर गुरांनी पाडलेल्या दहा, आणि त्यातली एकही आपल्याला हवी तिकडे जात नाही.

सुरुवात करायची तर उक्षीपासून करावी. कोकण रेल्वेवर संगमेश्वर रोड आणि भोके यांच्यामधलं हे लहानसं स्टेशन. इथे थांबणाऱ्या गाड्या थोड्या, आणि जी थांबते ती आधी कुठेतरी क्रॉसिंगला ताटकळलेली असते. उक्षी सोडून रत्नागिरीकडे निघालं की करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. गाडीतल्या लोकांना ह्या डोंगरांची ओळख होते ती एवढीच. मोबाइलची रेंज जाते, खिडकीतून गार कुबट वारा येतो, पोरं ओरडतात, आणि पुन्हा उजेड. ह्या डोंगरांच्या डोक्यावर काय आहे हे बघायला उतरून वर जावं लागतं.

माझ्याबरोबर असतात एक निवृत्त शिक्षक. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून मास्तरच म्हणतो. सगळी नोकरी त्यांनी ह्याच भागातल्या एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळांत काढली, आणि शाळा एका वाडीत तर खोली दुसऱ्या वाडीत असल्यामुळे सडे त्यांच्या पायाखालचे. ते चालताना बोलत नाहीत. थांबले की मात्र भूगोलाचा तास सुरू होतो.

उक्षीच्या सड्यावर ऑक्टोबरची सकाळ होती. पावसाळ्यात हिरवंगार असलेलं गवत आता सोनेरी झालं होतं आणि ते कापायला बायका वर आल्या होत्या. विळ्याची एक लय असते. तीन-चार मुठी झाल्या की पेंढी बांधायची, पेंढ्यांचा भारा करायचा, भारे खाली नेऊन अंगणात उडवी रचायची. वर्षभराची गुरांची वैरण ह्या सड्यावरून उतरते. एकीने मान वर न करता विचारलं, ‘कुठं चाललाव?’

‘हत्ती बघायला,’ मास्तर म्हणाले.

‘मग सरळ जावा. भिंत दिसंल.’

खरोखरच आधी दिसते ती भिंत. चिऱ्यांची, गोलाकार, तिच्यावर उभं राहून आत बघायची सोय केलेली. ही गावाने पुढाकार घेऊन बांधली. कुणा खात्याची पाटी लागायच्या आधी गावकऱ्यांना वाटलं की हे राखायला हवं, आणि त्यांनी ते राखलं. आत जमिनीवर, कातळातच, हत्ती कोरलेला आहे. उभा, एका बाजूने दिसणारा, सोंड खाली. रेघ जेमतेम बोटाच्या पेराएवढी खोल असेल. सकाळी उन्हं तिरपी असतात तेव्हा प्रत्येक रेघेच्या एका काठाची सावली दुसऱ्यावर पडते आणि हत्ती ठळक होतो. ऊन डोक्यावर आलं की तोच हत्ती कातळात विरून जातो. म्हणून कातळशिल्पं बघायची तर आठच्या आत नाहीतर साडेचारनंतर. दुपारी गाडीने येऊन ‘काही दिसलं नाही’ म्हणत परत जाणारे लोक मी बघितले आहेत.

अशा आकृत्या रत्नागिरीच्या आणि आसपासच्या सड्यांवर दीड हजाराच्या वर सापडल्या आहेत. निवळीजवळची काही कोरीव चित्रं आधीपासून माहीत होती. पण जिल्हाभर शोध घेतला तो रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी, २०१० नंतरच्या काळात. त्यांची पद्धत मला फार पटते. त्यांनी आधी नकाशे पसरले नाहीत, गुराख्यांना विचारलं. गुराख्याला प्रत्येक सडा पाठ असतो. कुठे पाणी साचतं, कुठे गूर पाय मोडून घेतं, कुठे कातळावर ‘चित्रं’ आहेत, हे सगळं. कुणी त्यांना पांडवांनी काढलेली म्हणत होते, कुणी राक्षसांनी. विद्वानांना जे सापडत नव्हतं ते गावात कुणीच हरवलेलं नव्हतं.

ती कधी कोरली, ह्यावर वाद आहे. कातळावरची रेघ थेट कालमापनाला दाद देत नाही. काही अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत, दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे जातात, तर काहींना इतकं मागे जाणं मान्य नाही. मला त्या वादापेक्षा चित्रांमधली पात्रं जास्त बोलकी वाटतात. देऊडच्या सड्यावर गेंडा आहे. आज रानातला गेंडा बघायचा तर आसामसारख्या लांबच्या मुलखात जावं लागतं. ज्याने तो कोरला त्याने गेंडा बघितलेला असणार, कारण असं जनावर ऐकीव माहितीवर साधत नाही. म्हणजे ह्या भागात तेव्हा आजच्यापेक्षा वेगळं, दलदलीचं, उंच गवताचं रान असलं पाहिजे. आणखी एक गोष्ट. शिकारीची जनावरं, मासे, पक्षी, माणसं सगळं ह्या चित्रांत आहे; नांगर, औत, शेती मात्र दिसत नाही.

मास्तरांचा भूगोलाचा तास सुरू होतो तो बहुधा दगडावर बसूनच. जांभा हा दगड म्हणून जन्माला येत नाही, दगडाचा जांभा होतो. खाली आहे तो सह्याद्रीचाच काळा पाषाण. त्याच्यावर लाखो वर्षं पाऊस पडला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, त्यामुळे विरघळणारं ते सगळं वाहून गेलं, वाळूचा अंशही गेला आणि मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजलं, तोच हा लाल रंग. जमिनीखाली असतो तोवर जांभा त्यामानाने मऊ असतो. वारा-ऊन लागलं की कडक होतो. चिरेखाणीतला कामगार ह्याच गुणावर जगतो, ओला असताना कापायचा आणि मग वाळू द्यायचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टराने मलबारात हा दगड कापताना बघून १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. कोकणात तेव्हा कित्येक पिढ्यांची घरं, गडगे आणि विहिरी ह्याच दगडात बांधून झाल्या होत्या.

वरून काळाठिक्कर दिसणारा हा कातळ आतून भोकाभोकांचा आहे. पाऊस पडतो, सड्यावर थोडा साचतो आणि बराचसा आत मुरतो. खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी तिथे अडतं, आडवं चालू लागतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतं. वाड्या नेमक्या त्या उंचीवर का बसल्या, ह्याचं उत्तर हे आहे. पाखाडीच्या मध्यावर हमखास एक डोण किंवा लहानशी बाव असते, मार्चपर्यंत तरी भरलेली. मास्तर म्हणतात, सडा म्हणजे गावाच्या डोक्यावर ठेवलेली पाण्याची टाकी. सातबाऱ्यावर मात्र हीच जमीन पोटखराब म्हणून लागते, म्हणजे पिकाला निरुपयोगी. पुढे तिच्यावर काय काय येऊन पडतं त्याचं मूळ मला ह्या एका नोंदीत दिसतं.

पावसात सड्यावर जायचं तर मोसमाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा जावं. मधल्या जुलैत वाऱ्यापुढे उभं राहता येत नाही आणि कातळावरचं शेवाळ दर पावलाला परीक्षा घेतं. जूनमध्ये पहिले काही पाऊस झाले की दीपकाडी फुलते. हातभर उंचीचा सरळ दांडा आणि त्यावर पांढरी, देखणी फुलं. ही वनस्पती कोकणच्या जांभ्या सड्यांची. जगात इतरत्र ती शोधून मिळत नाही. गंमत म्हणजे तिच्यासाठी फार लांब जायला नको. रत्नागिरी शहराला लागून चंपक मैदान आहे, विमानतळाच्या बाजूचे कातळ आहेत, तिथे ती येते. आठ-पंधरा दिवसांत आटपते. शहरातल्या बहुतेकांनी ती बघितलेली नाही, कारण त्या दिवसांत सगळे छपरावरच्या ताडपत्रीच्या मागे असतात.

सप्टेंबरात वेगळाच थाट. कातळावर दोन बोटं माती आणि तिच्यावर बोटभर पाणी, एवढ्या संसारात सीतेची आसवं जांभळ्या-निळ्या चादरी पसरतात. पांढरे गेंद उठतात, पिवळा कवला येतो, तेरडा येतो. दवबिंदू दिसतो तो गुडघ्यावर बसलं तरच. पानांच्या केसांवर चिकट थेंब, थेंबात अडकलेला चिलटाएवढा किडा. ह्या वनस्पती मांसाहारी का झाल्या? तर ह्या मातीत नत्र नाही. पाऊस ते टिकूच देत नाही. मग जे जमिनीतून मिळत नाही ते किड्यांतून मिळवायचं. सीतेची आसवं तर आणखी चलाख. वर नाजूक फूल, आणि खाली चिखलात बारीक फुगे. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की फुग्याचं झाकण उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. नावात केवढी करुणा आणि पोटात काय!

पुष्पप्रेमींचे जथे साताऱ्याजवळ कासला जातात, तिकिटं काढतात, रांगेत उभे राहतात. तीच कुळं इथे गुरांच्या पायाखाली उभी असतात. इथे तिकीट नाही ह्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट ते लागू नये, असंच मला वाटतं.

दोर्ले हे रत्नागिरी जिल्ह्यातलं एक गाव. मुंबई-पुण्याच्या प्रवाशांच्या यादीत नसेल, पण प्राणिशास्त्राच्या ग्रंथात त्याचं नाव दोनदा आलं आहे. १९६३ मध्ये ग्रँडिसन आणि सोमण यांनी तिथल्या एका पालीचं वर्णन शास्त्रापुढे ठेवलं, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. अंगावर पांढरे पट्टे असलेली ही लहान पाल भिंतीवर चढत नाही, सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहते. मग २००३ मध्ये ह्याच गावावरून आणखी एक जीव नोंदला गेला, गेगेनिओफिस शेषाचारी. हा गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर, बेडकांच्या लांबच्या नात्यातला. जमिनीत राहतो आणि पावसात कधीतरी वर येतो. पालीला घर म्हणून एक सुटा दगड पुरतो. अडचण अशी की सड्यावर कलमं लावायची झाली तर पहिलं काम असतं हे सुटे दगड गोळा करून त्यांचा गडगा घालणं. त्यानंतर कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, त्यात दुसरीकडून आणलेली माती भरायची आणि हापूस लावायचा. कष्ट अचाट आहेत, आणि कातळावरचा आंबा गोडीला सरस असतो असं बागायतदार सांगतात. ज्याच्या घरात दोन माणसं मुंबईला चाळीत राहून पैसे पाठवतात, त्याला ‘पालीसाठी दगड ठेवा’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण सगळेच सडे कलमांखाली गेले तर पाणी मुरणार कुठे, एवढं विचारायला हरकत नसावी.

दगडांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, सड्यावर दगड उचलू नये. फुरसं हा इथला जुना रहिवासी. हातभर लांबीचा, मातकट, अंगाचं वेटोळं घासून करवतीसारखा आवाज करणारा. रत्नागिरीत त्याची इतकी दहशत होती की ब्रिटिश सरकार मारलेल्या फुरशामागे बक्षीस देत असे. १८६२ च्या डिसेंबरात बक्षीस वाढवल्यावर आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. त्यानंतरही फुरसं आहेच. विंचूही आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट दगावत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून ती वाचवायला सुरुवात केली. त्यामुळे भीती कमी झाली आहे, पण सावधपणा सोडायचं कारण नाही. घोट्यावर येणारे बूट हवेत. मोजे शक्यतो घालू नयेत, कारण ऑक्टोबरनंतर कुसळं मोज्यातून काढताना रात्र पुरत नाही. आणि दुपारी आभाळ भरून आलं तर सडा सोडून खाली उतरावं. परतीच्या पावसात विजा कडाडतात आणि त्या सपाटीवर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो.

राजापूर तालुक्यातले सडे ह्याहून रुंद आणि उजाड. देवाचे गोठणे गावात भार्गवरामाचं देऊळ आहे, गर्द सावलीत. तिथून पायवाटेने वर चढलं की एकदम रखरखीत सडा. लोक त्याला रावणाचा सडा म्हणतात. तिथे कातळावर एक माणसाची आकृती कोरलेली आहे. तिच्याजवळ होकायंत्र ठेवलं की सुई भलतीच दिशा दाखवते. मास्तरांनी शाळेतलं जुनं होकायंत्र आणलं होतं. आकृतीच्या एका बाजूला सुई एकीकडे, दोन पावलं सरकलं की दुसरीकडे. जांभ्यात लोखंड आहे, खडकाला काही ठिकाणी चुंबकत्व येतं, त्याला भौतिकशास्त्रात उत्तरं आहेत. पण कोरणाऱ्याने नेमकी हीच जागा का निवडली? त्याच्याकडे होकायंत्र नव्हतं. योगायोग असेल. मास्तरांना योगायोग हा शब्द आवडत नाही, त्यांनी वहीत दोन्ही कोन लिहून घेतले.

कशेळीचा हत्ती मात्र वेगळ्याच मापाचा. लांबी सुमारे १८ मीटर, रुंदी १३ च्या आसपास. भारतातल्या अशा आकृत्यांत सर्वांत मोठा म्हणून त्याची ख्याती आहे. ड्रोनमधून काढलेलं त्याचं छायाचित्र बहुतेकांनी बघितलेलं असतं आणि त्यामुळे जागेवर पोचल्यावर निराशा होते. उभं राहून हत्ती दिसत नाही, दिसतात त्या रेघा. एक रेघ पकडून चालत राहावं लागतं. मी चालत होतो त्याला पाठ समजत होतो ती सोंड निघाली. हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी जनावरं कोरलेली आहेत. मासे, पक्षी, हरणासारखी काही, एकमेकांच्या अंगावरून गेलेली. ज्यांनी हे कोरलं त्यांच्याकडेही वरून बघायची सोय नव्हती. शिडी नाही, झाड नाही, टेकाड नाही. अठरा मीटरच्या जनावराचं प्रमाण न चुकता, दगडाने दगडावर, आडवं बसून त्यांनी साधलं. हे त्यांनी बघण्यासाठी केलं असेल असं मला वाटत नाही. माझा समज असा की ते चालण्यासाठी असावं, रेघेवरून पावलं टाकत कुठल्यातरी विधीत हत्तीभोवती फिरण्यासाठी. ह्याला पुरावा काही नाही. पण तासभर त्या रेघेवर चालल्यावर असे विचार येतात.

कशेळीत आहे तो कनकादित्य, सूर्याचं जुनं देऊळ. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट ह्या गावाच्या नावाने ओळखला जातो. खाली आठशे वर्षांचा लेखी इतिहास, वर हजारो वर्षांचा अलिखित, आणि मधे वीस मिनिटांची चढण. देवळात दर्शनाला गर्दी असते. सड्यावर आम्ही दोघं आणि एक टिटवी, आम्ही अंड्यांच्या जवळ आलो समजून सारखी ओरडणारी.

२०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. उरलेली दोन म्हणजे सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, यादीतलं बारसू वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं ते दुसऱ्या कारणाने. नाणारला होऊ घातलेली तेलाची रिफायनरी विरोधामुळे रद्द झाल्यावर जागा म्हणून बारसू पुढे आलं होतं. माती तपासण्यासाठी यंत्रं सड्यावर चढली, गावकरी आडवे झाले, पोलीस आले.

बारसूच्या सड्यावर एक माणूस कोरलेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ झेपावलेले. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर असाच दोन वाघांना थोपवणारा माणूस आहे, म्हणून काही अभ्यासक दोघांचं नातं जोडतात. मला ती उडी फार लांबची वाटते. दोन बाजूंनी संकट आणि मधे माणूस, ही कल्पना सुचायला सिंधूकाठी जायची गरज नाही. रिफायनरीच्या बाजूने बोलणारी माणसंही मला त्या गावांत भेटली आहेत, आणि ती मूर्ख नव्हती. पोरांना मुंबईला जावं लागू नये एवढंच त्यांचं म्हणणं. माझा आक्षेप वेगळा आहे. अणुप्रकल्प आखला तो माडबनच्या सड्यावर, रिफायनरी आखली ती बारसूच्या सड्यावर. प्रत्येक वेळी ही जागा निवडताना ‘तिथे काही नाही’ हे गृहीत धरलेलं असतं. बघणाऱ्याने सडा मे महिन्यात, गाडीच्या काचेतून बघितलेला असतो. त्याला सप्टेंबरात अनवाणी चालवलं पाहिजे.

बारसूहून उतरताना पायवाटेवर एक म्हातारे गुराखी भेटले. काठी, डोक्यावर घोंगडीची खोळ, पुढे पाच-सहा गुरं. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. मास्तरांच्या हातातली वही आणि माझ्या गळ्यातला कॅमेरा त्यांना पसंत पडलेला दिसला नाही.

‘मोजनीवाले काय?’

‘नाही हो काका, चित्रं बघायला आलो होतो.’

‘मग गुंठ्याचा भाव इचारू नका.’

भाव विचारायचा नाही, असं मास्तरांनी त्यांना दोनदा सांगितलं. मग कुठल्या शाळेवर होतात, अमक्याला ओळखता का, असं करता करता ओळख निघाली. त्यांच्या पुतण्याने मास्तरांच्या हाताखाली चौथी काढली होती. घोंगडी बाजूला ठेवून ते गडग्यावर बसले, पानाची चंची सोडली. थोड्या वेळाने काठीने समोरच्या डोंगराकडे दाखवून म्हणाले, ‘आमच्या सड्यावर पन हाय एक. मोर हाय का काय, ठावं न्हाय. शेपूट मोठी हाय. आता गवतात दिसायचं न्हाय. कापनी झाली की या.’

मास्तरांनी वहीत गावाचं आणि वाडीचं नाव लिहिलं, खाली ‘डिसेंबर’ असं लिहून दोन रेघा मारल्या. मी ते नाव इथे देत नाही. ज्यांनी आजवर ह्या सड्यांची नोंद केली त्यांना आधी जाऊन बघू दे.